दारातल्या डोंगराची नोंदवही
शहापूर-मुरबाडचे पर्वत, जलाशय आणि छायाचित्रणाचा संयम

कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने १९६९ सालच्या मालिकेत काढलेल्या वीस डॉलरच्या नोटेच्या मागील बाजूस एक सरोवर छापलेले होते. सभोवती बर्फाच्छादित शिखरांची रांग आणि मध्ये स्थिर पाणी. पश्चिम कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातील ते मोरेन सरोवर होय. आपल्याकडेही १९९६ नंतरच्या महात्मा गांधी मालिकेतील शंभर रुपयांच्या नोटेवर कांचनजंगेचे दृश्य होते. चलनावर छापावे इतके मोल एखाद्या राष्ट्राला आपल्या डोंगराचे वाटते, ही गोष्ट व्यापारी घराण्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आज अनेक कुटुंबांतील मुले-सुना व्हँकुव्हर, कॅलगरी या शहरांत स्थायिक आहेत. तेथून त्यांनी पाठविलेली छायाचित्रे घरोघरी भ्रमणध्वनीवर पाहिली जातात. सरोवरांचा निळा-हिरवा रंग पाहून आजी-आजोबा थक्क होतात. तो रंग हिमनद्यांनी खडक दळून केलेल्या पिठासारख्या बारीक भुकटीमुळे येतो. ती पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशातील निळी-हिरवी छटा तेवढी डोळ्यांकडे परत पाठविते. हे सौंदर्य पाहण्यासाठी गर्दी इतकी वाढली, की २०२३ पासून मोरेन सरोवराच्या रस्त्यावर खासगी मोटारींना बंदी घालावी लागली. सौंदर्याची कीर्ती हीच सौंदर्यावरील आपत्ती ठरू शकते, हा धडा दूरच्या देशाने आधी शिकला. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना तो आता शिकावा लागत आहे.

जैन आचारात श्रावकासाठी दिग्व्रत सांगितले आहे. दाही दिशांना आपल्या गमनाची मर्यादा ठरवून घेणे, हा त्याचा सरळ अर्थ. या व्रताचा विचार करताना एक प्रश्न सहज मनात येतो. ठाणे, कल्याण, मुंबई येथे राहणाऱ्या किती कुटुंबांनी दोन तासांच्या अंतरावरील माहुलीचा डोंगर नीट पाहिला आहे? आसनगाव स्थानकावरून लोकलने जाणाऱ्याला तो डब्याच्या खिडकीतूनही दिसतो. शहापूरजवळच्या मानस मंदिर तीर्थाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रिकांच्या दृष्टीच्या टप्प्यातही तो असतो. तरीही आपल्या घरच्या संग्रहात परदेशातील पर्वतांची छायाचित्रे शेकडो आणि माहुलीचे एकही नाही, अशी स्थिती सर्रास आढळते.

पूर्वसूरी

छायाचित्रण ही कला आपल्या समाजाला परकी मुळीच नाही. भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते राजा दीनदयाळ हे मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात १८४४ साली जन्मले. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सरकारी नोकरीत लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासह त्यांनी १८८२ मध्ये मध्य भारताचा दौरा करून तेथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ उघडला आणि १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

दीनदयाळांच्या कित्येक छायाचित्रांच्या तळाशी क्रमांक आणि स्थळाचे नाव लिहिलेले आढळते. जवाहिऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला शोभेल अशीच ही शिस्त आहे. खड्याचे वजन आणि प्रत लिहिल्यावाचून तो डबीत ठेवायचा नाही, तसेच स्थळ व क्रमांक लिहिल्यावाचून चित्र ठेवायचे नाही. आज सव्वाशे वर्षांनंतर त्या चित्रांचा अभ्यासकांना जो उपयोग होतो, तो त्यांच्या सौंदर्याइतकाच या नोंदीमुळे होतो.

त्याहून जुनी परंपरा तीर्थपटांची आहे. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते, तेव्हा ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नाही ते श्रावक आपल्या गावी शत्रुंजयाचा पट उभारून त्यापुढे भावयात्रा करतात. त्या कापडावर डोंगर, पायवाटा, कुंडे, मंदिरे आणि चढणारे यात्रिक रंगविलेले असतात. निसर्गदृश्याचे चित्र हे साधनेचे साधन होऊ शकते, हे आपल्या पूर्वजांनी छायाचित्राचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. सम्मेदशिखर, गिरनार, अबू, आपल्या महाराष्ट्रातील मांगीतुंगी आणि गजपंथा ही सारी तीर्थे डोंगरावरच आहेत. डोंगराकडे पाहणे हा आपल्या धर्मजीवनाचा जुना संस्कार आहे. कॅमेरा त्यात फार तर एक नवे उपकरण म्हणून सामील झाला.

पर्वत: उजेडाचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. त्यामुळे येथे छायाचित्र घेणाऱ्याने एक भौगोलिक सत्य आधी समजून घ्यावे. घाटाची भिंत पूर्वेला आहे. सूर्य त्या भिंतीमागून उगवतो. म्हणून सकाळी कडे काळसर दिसतात आणि त्यांची केवळ बाह्यरेषा उठून दिसते. दुपार कलल्यावर मात्र पश्चिमेचा तिरपा प्रकाश थेट कड्यांवर पडतो आणि बेसाल्टचे आडवे थर एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांनी हे थर रचले. पावसाळ्यात धबधबे पायरी-पायरीने उतरतात, त्याचे कारण हीच थरांची रचना होय. तेव्हा आकृती हवी असेल तर सकाळ आणि तपशील हवा असेल तर सायंकाळ, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

माहुलीचा डोंगर मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे. सुमारे २,८०० फूट उंचीचा हा किल्ला ठाणे जिल्ह्यातील सर्वांत उंच मानला जातो. भंडारगड, माहुली आणि पळसगड असे त्याचे तीन भाग. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांनी येथेच निजामशाही वाचविण्याचा अखेरचा प्रयत्न केला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात परत आणला. त्याच्या सुळक्यांची दातेरी रांग मुंबई-नाशिक महामार्गावरून सुरेख दिसते. माथ्यावरून एका अंगाला तानसाचे पाणी, दुसऱ्या अंगाला भातसाचा फुगवटा आणि पूर्वेला घाटमाथ्याची निळी रेघ असा पट एकाच जागी उभे राहून पाहता येतो.

शहापूर तालुक्यातच डेहणे गावाच्या माथ्यावर आजोबाचा डोंगर आहे. तेथे वाल्मीकी ऋषींचा आश्रम होता आणि लव-कुशांचे बालपण तेथे गेले, अशी श्रद्धा आहे. हेच नाव एका बिबट्यालाही लाभले. २००९ साली विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचवून, गळ्यात संकेत देणारा पट्टा घालून माळशेज घाटाच्या जंगलात सोडण्यात आले. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वस्त्या, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. आपण ज्याला रिकामे निसर्गदृश्य समजून छायाचित्र घेतो, त्यात कोणीतरी राहत असते आणि कोणाची तरी वाट त्यातून जात असते, याची जाणीव ही कथा करून देते.

मुरबाड तालुक्यात सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड ही नावेच तपस्वी परंपरेची साक्ष देतात. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. देहरी गावातून दिसणारे गोरख-मच्छिंद्राचे दोन सुळके सायंकाळच्या उजेडात तांबूस होतात, तो क्षण जेमतेम काही मिनिटांचा असतो. त्यासाठी आधी तासभर स्वस्थ बसावे लागते. ज्याला सामायिकाची सवय आहे त्याला हे बसणे जड जाऊ नये.

व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळचा वाटावा असा डोंगर म्हणजे नाणेघाट. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरील वैशाखरे गावापासून वाट सुरू होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावर जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. लगतच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाईंची, घोड्यांची, कार्षापण नाण्यांची संख्या कोरलेली आहे. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. आकडे लिहून ठेवण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे पाहायचे असेल तर येथे यावे. भिंतीवरील राजपुरुषांचे पुतळे काळाच्या ओघात नाहीसे झाले; उरली ती पावले आणि वर कोरलेली नावे. मूर्ती गेल्या, पण नोंद राहिली. लेखाचे छायाचित्र घेताना अक्षरांवर खडू वा पाणी मुळीच लावू नये. बाजूने येणारा तिरपा उजेड मिळाला की कोरीव अक्षरे आपोआप उठून दिसतात.

जलाशय: पाण्याखालचे आणि पाण्यामागचे

कॅनडाची सरोवरे हिमनद्यांनी कोरली. शहापूरचे जलाशय माणसाने बांधले. हा फरक छायाचित्र घेणाऱ्याने विसरू नये. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्ये बांधून झाला. अभियंता मोडक यांचे नाव त्याला दिले आहे. भातसा धरणाची उंची ८८ मीटर आहे, तर २०१४ साली लोकार्पण झालेल्या मध्य वैतरणा धरणाची १०२ मीटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून त्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. महानगराला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी लागते. मुंबईतील कोणत्याही घरात पाण्याचा तांब्या भरला, की त्यातले बरेचसे पाणी या तालुक्याच्या वाटेने आलेले असते.

आणि तरीही मार्च सरला, की याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरू लागतात. कसाऱ्याच्या आसपासच्या डोंगरवस्त्यांत स्त्रिया रिकामे हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. जलाशय खोलगट भागात आणि वस्त्या उंचावर. शहराकडे पाणी उताराने जाते, वस्तीकडे ते चढवावे लागते. चढविण्यासाठी वीज, नळ आणि पैसा हवा, आणि तो उशिरा येतो. शिवाय कोकणातील या कातळात पावसाचे पाणी फार काळ मुरून राहत नाही. धरणांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले, तो इतिहास वेगळाच.

सायंकाळच्या सोनेरी प्रकाशातील भातसाचे चित्र सुंदरच येते. परंतु ज्याने त्याच दिवशी चार-पाच कोसांवर टँकरपुढील हंड्यांची रांग पाहिली, त्याच्या मनात ते चित्र अपुरे राहते. अपुरी नोंद ही हिशेबात खोट मानली जाते. जमेची बाजू लिहायची आणि नावे बाजू कोरी ठेवायची, असा ताळेबंद कोणताही सचोटीचा व्यापारी मान्य करणार नाही. जलाशयाचे छायाचित्र आणि आटलेल्या विहिरीचे छायाचित्र ही दोन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी ठेवली, तरच या भूमीचा ताळेबंद जुळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डोक्यावर तीन हंडे घेऊन चालणारी कातकरी वा ठाकूर समाजातील स्त्री ही निसर्गदृश्याचा भाग नव्हे. तिची परवानगी मागावी, तिने नाही म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. कोणाच्या कष्टाचे चित्र त्याला न विचारता घेणे, हे न दिलेली वस्तू घेण्यासारखे आहे. अचौर्यव्रताचा अर्थ एवढा तरी विस्तारावा. विहिरीच्या चित्राला माणसाच्या चेहऱ्याची गरज नसते. दोरी किती खोल गेली, तेवढे दिसले तरी पुरते.

धरणाच्या भिंतीवर व परिसरात सुरक्षेच्या कारणास्तव छायाचित्रणाला निर्बंध असतात. तानसा, मोडकसागर येथे प्रवेशासाठी मुंबई महापालिकेची परवानगी लागते. तानसा अभयारण्यात वनखात्याचे नियम लागू होतात. ड्रोन उडवावयाचे असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांचे पालन अनिवार्य आहे. नियम पाळून घेतलेले चित्र मनाला स्वच्छ वाटते, हा लाभही लहान नाही.

चातुर्मास आणि धबधबे

या भूमीचे सर्वांत लोभस रूप आषाढ-श्रावणात दिसते. माळशेज घाटात ढग रस्त्यावर उतरतात, कड्यांवरून पाण्याच्या शुभ्र रेघा ओघळतात, रानात तेरडा फुलतो आणि भाद्रपदात सोनकीने पठारे पिवळी होतात. सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचा जांभळा बहर येतो. छायाचित्रकारांची झुंबड उडते ती नेमकी याच काळात.

आपले साधू-साध्वी मात्र नेमक्या याच काळात विहार थांबवितात. आठ महिने मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने अनवाणी चालणारे ते पाय आषाढी चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एका जागी स्थिर होतात. पावसाने भूमी जीवांनी भरून जाते. प्रत्येक पावलाखाली कोंब, गांडूळ, गोगलगाय वा मुंगी असू शकते. गृहस्थावर हा निर्बंध नाही. परंतु ज्या ऋतूत चालणेही जपून करावे असे आपल्या धर्माने मानले, त्याच ऋतूत शेकडो मोटारी, ध्वनिवर्धक आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन घाटात जाणे आपल्या कुळाला शोभते काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

हा प्रश्न सूक्ष्म जीवांपुरताच नाही. धबधब्याच्या काठी शेवाळलेल्या खडकावर एक पाऊल मागे सरकून स्वतःचे छायाचित्र घेताना दरवर्षी कोठे ना कोठे तरुण मुले प्राणास मुकतात. वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही येतो. पाणी गढूळ होऊ लागले की क्षणही न दवडता पात्राबाहेर यावे, हे स्थानिक गुराखी पोरही सांगेल. घाटात दरडी कोसळतात. म्हणून पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात वेळोवेळी मनाई आदेश काढते. तो आदेश म्हणजे पर्यटनावरील अन्याय समजून त्यातून पळवाट शोधणारे सुशिक्षित लोक पाहिले, की खेद वाटतो. एका चित्राची किंमत घरातला मुलगा ठरू नये.

साधूंसाठी सांगितलेली ईर्यासमिती, म्हणजे पुढची चार हात भूमी निरखत चालणे, ही डोंगरात छायाचित्र घेणाऱ्यासाठी सर्वोत्तम सुरक्षासूचना आहे. चालताना पाहायचे ते पायापुढे. दृश्य पाहायचे तर आधी थांबायचे. कॅमेरा डोळ्याला लावून पाऊल उचलायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक अपघात टळतील. वळवाच्या पावसानंतर, मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी सह्याद्रीच्या रानात काजव्यांचा झगमगाट होतो. तेथे विजेरी वा मोटारीचे दिवे लावले, तर त्यांच्या मीलनाच्या संकेतांत व्यत्यय येतो. काही दृश्ये डोळ्यांत साठवावीत आणि परत यावे.

सूर्यास्तापूर्वीचा प्रकाश उत्तम असतो आणि चोविहार करणाऱ्यांची भोजनाची वेळही तीच. यावर उपाय सोपा आहे. पाच वाजता डबा उघडावा, पाणी प्यावे, मग मोकळ्या मनाने उजेडाची वाट पाहावी. भुकेची घाई नसली की हातही स्थिर राहतो.

पेठ आणि पेढी

निसर्गाइतकीच झपाट्याने बदलणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आपली गावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून त्याचे पूल व बोगदे गेले. मुरबाडच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढली. जमिनींचे भाव चढले तसे पेठेतील सागवानी खांबांचे, ओसरीचे, कौलारू वाडे उतरविले जाऊ लागले. ज्या पेढीवर पणजोबांनी भाताचा व्यापार केला, ती पाडण्यापूर्वी तिची चार छायाचित्रे तरी घेतली गेली काय? गल्ल्याची लाकडी पेटी, भिंतीतले कोनाडे, दिवाळीत वहीपूजन होई ती बैठक, देवघराची चौकट, भाताच्या गिरणीचा पट्टा, हे सारे एकदा गेले की कोणत्याही किमतीला परत मिळणार नाही.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा तो मोठा बाजार. घोंगड्या, शेतीची अवजारे, मिठाई यांच्या पालांची रांग लागते. व्यापाराचे हे मोकळ्या आभाळाखालचे रूप टिपण्यासारखे आहे. कॅमेऱ्याचे लक्ष्य पाळण्यांकडे आणि रोषणाईकडे सहज वळते. ते सौद्यांकडे, तराजूकडे, दाव्याला धरून उभ्या असलेल्या हातांकडे वळवावे.

नोंदवही कशी ठेवावी

पश्चिम कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारी भूमापकांनी नकाशे करण्यासाठी शिखरांवर चढून काचेच्या पट्ट्यांवर हजारो छायाचित्रे घेतली. त्या चित्रांमागे सौंदर्याचा हेतू नव्हता; मोजणीचा होता. आज व्हिक्टोरिया विद्यापीठाचा ‘माउंटन लेगसी’ प्रकल्प त्याच जागी, त्याच दिशेने उभे राहून पुन्हा छायाचित्रे घेतो. जुने आणि नवे शेजारी ठेवले, की हिमनदी किती मागे हटली, जंगल कोठवर चढले, हे मुलालाही कळते. ज्यांनी १८९० च्या सुमारास ती चित्रे काढली त्यांना हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त जागा, दिशा आणि तारीख चोख लिहिली होती.

शहापूर-मुरबाडशी नाते असलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे सहज करता येईल. त्यासाठी महाग कॅमेरा लागत नाही. पाच जागा निवडाव्यात: एक डोंगर, एक जलाशय, एक विहीर, एक झाड आणि एक पेठ. वर्षातून चार वेळा, म्हणजे पावसाआधी, भर पावसात सुरक्षित रस्त्यावरून, दिवाळीनंतर आणि पळस-पांगारा फुलण्याच्या माघ-फाल्गुनात, त्याच जागी त्याच उंचीवरून चित्र घ्यावे. उभे राहण्याच्या जागेची खूण एखाद्या कायम टिकणाऱ्या वस्तूवरून, मैलाचा दगड वा पुलाचा कठडा यांवरून, लिहून ठेवावी. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील आडव्या-उभ्या रेषा सुरू करून क्षितिज सरळ धरावे. रंग भडक करणारी साधने वापरू नयेत. या चित्रांत खरेपणा हाच गुण आहे. कॅमेरा असल्यास तिपाई वापरून एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान छिद्र ठेवावे, म्हणजे जवळचे गवत आणि दूरचा कडा दोन्ही स्पष्ट येतात. ओल्या पानांवरची चकाकी ध्रुवीकरण करणाऱ्या काचेने कमी होते.

मग वही. प्रत्येक चित्राची एक छोटी प्रत छापून चोपडीत चिकटवावी आणि शेजारी तिथी, तारीख, वेळ, स्थळ, दिशा, पाण्याची पातळी आणि चित्र घेणाऱ्याचे नाव लिहावे. घरातील शाळकरी मुलांकडे हे काम द्यावे. दिवाळीच्या वहीपूजनाला ही चोपडीही पाटावर ठेवावी. पाच वर्षांनी त्या विहिरीची वीस चित्रे होतील. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न निघाला, तर एखाद्या पाड्याच्या बाजूने ती वीस चित्रे साक्ष देतील. १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन यांनी घेतलेली यलोस्टोनची छायाचित्रे अमेरिकी संसदेच्या सदस्यांपुढे मांडली गेली आणि पुढच्याच वर्षी ते क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले. चित्राची साक्ष एवढे करू शकते. आपल्या विहिरीसाठी तिने एक नळजोडणी मिळवून दिली तरी पुष्कळ झाले.

राहिला प्रश्न अपरिग्रहाचा. आज एकेका भ्रमणध्वनीत हजारो चित्रे साठलेली असतात आणि त्यातील बहुतेक पुन्हा कधी पाहिली जात नाहीत. वस्तूंचा संचय आपण परिग्रह मानतो, तसा दृश्यांचा हा संचयही मनाला भारच आहे. पर्युषणात घरातील अनावश्यक वस्तूंचा त्याग करताना एक तास या चित्रांनाही द्यावा. एका सहलीची दहा चित्रे ठेवावीत, बाकी पुसून टाकावीत. परिग्रहाचे परिमाण ठरविणाऱ्या श्रावकाला हे कठीण नाही. जी उरतील ती वहीत जातील आणि जी वहीत जातील ती नातवंडांपर्यंत पोहोचतील.

परदेशात राहणाऱ्या मुलांना पुढील वेळी पत्र वा संदेश जाईल, तेव्हा त्यासोबत माहुलीचे एक चित्र जावे, तारखेसह. कॅलगरीच्या घरात वाढणाऱ्या नातवाला बॅन्फची शिखरे ओळखता येतात. पणजोबांच्या पेढीसमोरचा डोंगरही त्याला नावाने ओळखता आला पाहिजे.